सुतकातलं पाणी

मंगळवारी सकाळी मिरजेच्या दवाखान्यात माझा नवरा गेला. दुपारी आम्ही त्याला गावी आणलं. संध्याकाळी नदीवर नेलं. त्याच दिवशी संस्थेच्या सचिवांनी त्याची नोंद काढून टाकली.

यातलं शेवटचं मला तेराव्यानंतर कळलं.

संस्था म्हणजे गावाची पाणीपुरवठा संस्था. गाव कराडच्या खाली, सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. नदीवर जॅकवेल, म्हणजे पंप बसवलेली विहीर, आहे. तिथून पाणी उचलून वरच्या रानांना देतात. सगळ्यांना एकदम पुरेल एवढं ते नसतं, म्हणून पाण्याच्या पाळ्या असतात. पूर्वी पाळ्यांचा फळा ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला असे. येता-जाता कुणाची बाही घासली तरी एखाद्याची पाळी पुसली जायची आणि भांडण पेटायचं. माझा नवरा साताऱ्यात घरी बसून कंपन्यांसाठी वेब सर्व्हिस लिहायचा. गावासाठी त्याने एक लिहून दिली. माणसाने फोनवर बटण दाबायचं, तो निरोप सर्व्हिसकडे जायचा, तिकडून उत्तर यायचं.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मला तेव्हा प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. पण त्या बटणांवरची मराठी माझी आहे. बटणाला नाव द्यायचं तर ते काय करतं हे आधी समजून घ्यावं लागतं, आणि अर्धवट समजलेल्या गोष्टीला मी नाव देत नाही. त्यामुळे एका रविवारी पोह्यांच्या बश्या बाजूला सारून त्याला मला सगळं सांगत बसावं लागलं.

"निरोप जातो तो एचटीटीपीच्या रीतीने," तो म्हणाला. "प्रत्येक निरोपाच्या तोंडाशी एक शब्द असतो. काय करायचं ते तो शब्द सांगतो. पहिला गेट."

"म्हणजे?"

"विचारणं."

"नुसतं?"

"नुसतं. माझी पाळी कधी, किती वेळ, कुठल्या रानाला. विचारल्याने काही बदलत नाही. दिवसभर विचारत बस, नदी तेवढीच."

मी कागदावर लिहिलं: विचारा.

"दुसरा पोस्ट. नवीन काहीतरी सर्व्हिसच्या हवाली करायचं. नवा सभासद, जादा पाण्याची मागणी. त्याला नंबर कोणता द्यायचा ते सर्व्हिस ठरवते. रांगेत शेवटचा असेल तो."

"आणि तोच निरोप दोनदा गेला तर?"

"तर दोन होतात."

मी लिहिलं: नवी मागणी. दोनदा गेला तर काय, हे मी पुढे प्रत्येक शब्दाबद्दल विचारलं. तो म्हणाला, हा प्रश्न शिकलेली पोरंसुद्धा विचारत नाहीत. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. एक पुस्तक दोनदा नोंदलं गेलं तर काय होतं, हे ग्रंथालयात रोज दिसतं.

पोस्ट म्हणजे काय, ते गावाला पहिल्याच उन्हाळ्यात समजलं. खिंडीकडच्या एका शेतकऱ्याने भुईमुगासाठी जादा पाणी मागितलं. तिकडे रेंज धड नाही. पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि हा दाबत राहिला. प्रत्येक दाबण्याची एक मागणी झाली, एकेक करून सगळ्या मंजूर झाल्या, आणि त्याच्या रानात पाणी येत राहिलं ते येतच राहिलं. आम्ही सुट्टीला गेलो होतो, ऑफिससमोर मंडळी त्याला घेऊन बसली होती.

"काय गड्या, भुईमूग हाय का भात लावलाय?"

"आरं, मी एकदाच मागितलं. चक्र फिरतंय म्हणून जरा जास्त दाबलं, एवढंच."

"जरा? तुझ्या अंगठ्यानं निम्मी नदी उपसली की रं!"

माझा नवरा पोटभर हसला आणि घरी येऊन त्यावर तोड शोधत बसला; ती पुरी व्हायची राहिली.

बाकीचे तीन शब्द असे. पुट: या नंबरावर ही नोंद ठेव. इथे नंबर आपण सांगायचा. त्या जागी काही असेल तर ते जाऊन नवं येतं. जागा रिकामी असली तरी तिथेच ठेवलं जातं. कितीही वेळा सांगा, त्या जागी एकच नोंद राहते. मात्र नोंद पुरी सांगावी लागते, रान, पीक, दिवस, सगळं. जे सांगायचं राहिलं ते गेलं. पॅच: आहे त्या नोंदीत एवढंच बदल. ऊस मोडून हळद लावली, तर पीक बदलायचं, बाकीला हात लावायचा नाही. आणि डिलीट: काढून टाक.

"डिलीट दोनदा झालं तर?"

"काढलेलं पुन्हा काय काढणार? पहिल्यांदा गेलं तेवढंच गेलेलं असतं."

त्यानंतर आमचा वाद झाला. जी नोंद नाही तिच्याबद्दल विचारलं की सर्व्हिस चारशे चार असा आकडा पाठवते, आणि त्याबरोबर दाखवायला मी वाक्य दिलं होतं: अशी नोंद नाही. मी विचारलं, जी कधीच नव्हती आणि जी होती पण काढली, त्या दोघींना एकच उत्तर?

"त्याला वेगळा आकडा आहे. चारशे दहा. होती, आता नाही."

"मग तो का नाही वापरत?"

"काढलेल्या प्रत्येक नोंदीची खूण मागे ठेवावी लागते. गावाला काय फरक पडतोय? नाही म्हणजे नाही."

"फरक आहे," मी म्हणाले.

"बरं बाई. नंतर करू."

ते राहिलं.

गावात सुतकाची एक रीत आहे. ज्या घरात माणूस जातो ते घर सुतक फिटेपर्यंत रानाला पाणी देत नाही. त्याची पाळी आली तर पुढचा ती घेतो. फळ्याच्या काळात सचिव त्या नावावर खडूची आडवी रेघ ओढायचे आणि तेराव्यानंतर ती बोटाने पुसायचे. माझा नवरा सुतक मानत नव्हता. स्वतःचे वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी तो रानात होता, आणि त्यावरून भावकीने त्याला बरंच ऐकवलं होतं. तो सुतक मानत नव्हता म्हणून त्याच्या सर्व्हिसमध्ये सुतक नव्हतं. आडव्या रेघेचं बटणच नव्हतं. आणि त्याचं स्वतःचं सुतक मात्र सगळ्यांनी पाळलं.

तेरावं झालं, मी साताऱ्याला परत आले. आमच्या वाटणीच्या तुकड्यात हळद उभी होती. वैशाखात त्याने सुट्टी काढून लावलेली. कार्तिक संपत आला होता, कंद पोसायचे दिवस. या दिवसांत पाणी चुकलं तर वर पाला हिरवा दिसतो आणि खाली बोटाएवढंही काही भरत नाही. पाळी कधी आहे ते बघावं म्हणून मी त्याचा सभासद नंबर घालून 'विचारा' दाबलं.

अशी नोंद नाही.

वाक्य माझंच होतं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. विचारल्याने काही बदलत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी बराच वेळ विचारत राहिले.

मग सचिवांना फोन केला. ते माझ्या नवऱ्याच्या शाळेतले, साधा माणूस.

"वहिनी, आवं मी काय मुद्दाम न्हाई केलं. सुतक हाय, पाळी पुढच्याला द्यायची. पैल्यासारखी रेघ वडायला गेलो तर रेघच न्हाई. सगळी बटनं बघितली. म्हटलं आत्ता काढून ठेवू, तेरावं झालं की परत घालू."

"मग घाला परत."

"घालत होतो. तवर तुमचं दीर आलं. म्हनले थांबा जरा. त्या काय साताऱ्यास्नं दारं धरायला येनार न्हाईत. पाळी माझ्या नावावर घ्या."

दारं धरणं म्हणजे पाणी आलं की खोरं घेऊन एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत जाणं. ते कुणीतरी रानात उभं राहूनच करावं लागतं. सचिवांनी काढली होती सभासदाची नोंद. तिला जोडलेली पाळी तिच्याबरोबर गेली होती. ती जागा आता रिकामी होती, आणि दीर त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

मी दिरांना फोन केला.

"वहिनी, तुमी पुस्तकातलं मानूस," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते माझ्याशी कधीच चढ्या आवाजात बोलले नाहीत. "चिखलात कशाला पाय घालताय? मी बघतो की तुमची हळद. दादाचं रान ते माझंच रान."

"हळद तुम्ही बघा ना भाऊजी. पाळी माझ्या नावावर राहू दे."

"आता एका घरात दोन पाळ्या कशाला?"

वाटण्या होऊन, दोन घरं होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा ऊस आमच्या बांधाला लागून आहे. पाळी त्यांच्या नावावर गेली की यंदा हळद सुकणार, पुढच्या वर्षी तिथे ऊस येणार, आणि मग रान कागदावर माझं असलं तरी कसणारा दुसराच असणार. आमच्या भागात पाणी गेलं की रान जातं, हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नाही. उलट साताऱ्यात भेटायला येणारे सगळे म्हणत होते, आता ते सोडून दे, कशाला मनस्ताप. दुःखात असलेल्या बाईने भांडू नये, अशी लोकांची एक समजूत आहे. मला ती पटली नाही. मला रडायलाही ते रान हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या टेबलाशी बसले. सर्व्हिसच्या सगळ्या चाव्या त्या कॉम्प्युटरवर होत्या आणि पासवर्ड मला ठाऊक होता. पुट, मग पाळीचा जुना नंबर, रान, पीक हळद, दिवस, नाव. पुरी नोंद मी टाइप केली. पाठवायचं तेवढं राहिलं होतं. कुणाला पत्ताही लागला नसता.

मी ते पाठवलं नाही. त्याच्या हयातीत एकदा संस्थेचे अध्यक्ष घरी आले होते. गाव त्यांना आबा म्हणतं. मेहुण्याची पाळी जरा वर सरकवता येईल का, आतल्या आत, असं त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आबा, दार एकच आहे. मलाही तेच." ते वाक्य मी चहा गाळताना ऐकलं होतं. टाइप केलेलं पुसलं आणि कराडला जाणाऱ्या एसटीची वेळ बघितली.

संस्थेची सभा जॅकवेलशेजारच्या ऑफिसात भरते. भिंतीवर जुना फळा अजून आहे, कोरा. सभेला बायका येत नाहीत. सभासद बायका आहेत, पण त्यांच्या सह्या घरी येऊन नेतात. मी जाऊन पुढच्या खुर्चीवर बसले. मग आबा म्हणाले, "या. चहा सांगा रं वहिनीस्नी."

"चहा नंतर घेते आबा. माझी पाळी?"

"त्येच बोलत होतो. तुमाला नवीन सभासद करून घेऊ. काय अडचन न्हाई. नवीन नंबर, शेवटची पाळी."

"शेवटच्या पाळीला पाणी पोचतं का?"

मागून कुणीतरी हसलं. शेवटच्या पाळीला काय पोचतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"मी सभासद नवीन आहे," मी म्हणाले. "मला नवीन नंबर द्या, शेवटचा द्या, चालेल. पण पाळी नवीन नाही. पाळी त्या रानाची आहे. ती जिथे होती तिथेच ठेवायची."

"एवढं कशाला?" आबा म्हणाले. "त्याच्याच सभासद नंबरावर तुमचं नाव घालू. एका बटनात काम."

"नको. तो नंबर त्यांचा. मी त्यांच्या नावावर माझं नाव घालणार नाही."

साताऱ्यात मी त्याला 'तो' म्हणते, गावात 'ते'.

दीर उठले. "पानी बोलून मिळत न्हाई, वहिनी. पाळी आली की खोरं घ्यावं लागतं. दारं कोन धरनार? ग्रंथालय?"

"मी धरणार."

या वेळी बरेच जण हसले. मी हसणं संपेपर्यंत थांबले. ग्रंथालयात अशी सवय होते.

"हसा. पण एक सांगा. सुतकात पाळी सोडायची, ही रीत. ती मी मोडली नाही. सुतक फिटल्यावर ती ज्याची त्याला परत, ही पण रीतच ना? अर्धी पाळायची आणि अर्धी सोडायची, असं कधीपासून? आज माझी गेली. उद्या तुमच्या घरात सुतक येईल तेव्हा तुमची बायको इथे येऊन बसेल."

खिंडीकडचा तो भुईमुगाचा शेतकरी कोपऱ्यातून म्हणाला, "बरोबर हाय की. माझा बा गेला तवा रेघ वडली, नि पुसली बी. आईच्या नावानं चालली पाळी. ह्या फळ्यावर."

सगळ्यांनी कोऱ्या फळ्याकडे बघितलं.

"पुढच्या सभेत बघू," आबा म्हणाले.

"हळद पुढच्या सभेपर्यंत थांबणार नाही. मी पण इथून उठणार नाही."

मी उठले नाही. चहा आला, तो घेतला. दीर बाहेर जाऊन परत आले. आबांनी दोन दुसरे विषय काढले, ते संपले. मी पिशवीतून पुस्तक काढून वाचायला लागले. ते पुस्तक बघून आबांचा धीर सुटला असावा. "घाला गा एकदाची," ते सचिवांना म्हणाले. "जुन्या नंबरावर. नाव ह्यांचं."

सचिवांनी आधी मला सभासद केलं. नव्या मागणीचं ते बटण त्यांनी अगदी जपून, एकदाच दाबलं. मला नंबर मिळाला, सगळ्यात शेवटचा. मग पुटचं बटण, 'नोंद ठेवा', उघडलं. पाळीचा नंबर घातला. मी एकेक सांगत गेले, रान, पीक, दिवस, काही राहू दिलं नाही. त्यांनी बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं. त्यांचा अंगठा वर उचललेला, घामेजलेला.

"परत दाबू का, वहिनी? मागल्यासारखं व्हायचं."

"दाबा. कितीही वेळा दाबा. याने दोन होत नाहीत."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. कोपऱ्यातून आवाज आला, "मला त्या टायमाला ह्ये बटन का दिलं न्हाई रं?" आणि ऑफिस हसलं. या वेळी माझ्यावर नाही. चक्र थांबलं. जुन्या नंबरावर एकच पाळी होती, माझ्या नावाची.

दीर तोवर निघून गेले होते.

पाळीच्या दिवशी मी रजा काढून गेले. खोरं त्याचंच होतं, दांडा माझ्या हाताला जाड. पाणी सरीत शिरलं तसं पहिला बांध फुटला आणि निम्मं पाणी शेजारच्या मेथीत गेलं. मेथीवाली धावत आली. "आवं बाई, पुस्तक न्हवं त्ये, पान उलटल्यावानी काय करताय? माती घाला आदी!" माती कुठे घालायची ते तिने दाखवलं, शिव्या देत देत. संध्याकाळपर्यंत हळद भिजली. माझ्या पायांची बोटं चिखलात दिसेनाशी झाली होती. तिथे, शेवटच्या सरीपाशी, मी मोठ्याने रडले. कुणी थांबवलं नाही.

दोन कामं उरली होती. दोन्ही सभेत विचारून केली. त्यासाठी मी त्याचा प्रोग्रॅम वाचायला शिकले. हळूहळू, शब्दकोश शेजारी घेऊन परकी भाषा वाचावी तसं. त्याने जागोजागी स्वतःसाठी टिपणं लिहिली होती, त्यातली बरीचशी विनोदी होती, आणि प्रत्येक टिपणापाशी मला उठून खिडकीशी जावं लागायचं.

पहिलं काम आडव्या रेघेचं. पाळीच्या नोंदीत मी एक रकाना वाढवला: चालू किंवा थांबलेली. सुतक आलं की सचिव पॅचच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, बटणाने तेवढाच रकाना बदलतात. फिटलं की परत बदलतात. बाकी नोंद जिथल्या तिथे राहते. तो असता तर म्हणाला असता, सुतकासाठी कोड लिहितेस? मी म्हणाले असते, हो. लोक पाळतात ते सर्व्हिसला माहीत असायला हवं, आपण मानलं न मानलं तरी.

दुसरं काम चारशे दहाचं. काढलेल्या नोंदीची मागे जी खूण ठेवतात तिला या धंद्यातले लोक इंग्रजीत थडग्यावरचा दगड म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. खूण केली. वाक्यही नवं लिहिलं. माझी नणंद म्हणाली, "अगं, त्याचा नंबर आता कोण विचारणार आहे? पुसूनच टाक की." मी पुसलं नाही. विचारणारं कुणी असो नसो, विचारलं तर खोटं उत्तर मिळता कामा नये. तो नव्हताच, असं कुणीही, कुठलंही यंत्र, मला सांगू शकत नाही.

यंदाही वैशाखात हळद लावली. दीर अजून माझ्याशी बोलत नाहीत. पाळी जुन्याच नंबरावर आहे आणि दारं मी धरते. सभासदांत माझा नंबर शेवटचा आहे. त्याच्या नंबराबद्दल विचारलं की सर्व्हिस उत्तर देते: होते, आता नाहीत.